बोटीच्या इंजिनच्या ऑइलमध्ये पाणी शिरलंय, १ ऑगस्टच्या आधी काय करता येईल?

पाजचा_पोरगा | २१ जुलै, रात्री ९.१०

मंडळी, नमस्कार. आमची बोट हर्णैची, सहा सिलिंडरचं मरीन डिझेल इंजिन. १ जूनला पावसाळी मासेमारीची बंदी लागल्यापासून बाकीच्या बोटींसारखीच आंजर्ल्याच्या खाडीत नांगरलेली आहे. बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालवत होतो. आज बाबांनी ऑइल मोजायची पट्टी (गेज) ओढून पाहिली, तर ऑइलचा रंग दुधाच्या चहासारखा झालाय आणि वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर आलंय. फिलरच्या झाकणाला आतून पिवळट चिकट थर धरलाय. ओळखीचे एक फिटर म्हणतात, ऑइल-फिल्टर बदला आणि निघा. बाबांचं मन तयार होत नाहीये. ३१ जुलैला बंदी उठते, खलाशी ठरलेत, बर्फाचंही बोलणं झालंय. कोणाला अनुभव असेल तर सविस्तर सांगा.

मेस्त्री_मिरकरवाडा | २१ जुलै, रात्री १०.०५

सगळ्यात आधी त्या इंजिनाला सेल्फ मारणं बंद कर. बॅटरीची काळजी वाटत असेल तर ती काढून घरी चार्जिंगला लाव. बाबांचं मन बरोबर सांगतंय.

बेअरिंगमध्ये क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्या ऑइलात पाणी मिसळलं की थर तुटतो आणि धातूला धातू लागतो. शिवाय फिल्टरचा कागद पाण्याने फुगतो. त्यातून ऑइल जाईनासं झालं की फिल्टरला वळसा देणारा बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट गॅलरीत, म्हणजे बेअरिंगकडे जाणाऱ्या वाटेत जातं. या सगळ्यात प्रेशरचा काटा बऱ्यापैकी जागेवर असतो, म्हणून माणूस गाफील राहतो.

पाणी कुठून आलं ते सापडेपर्यंत नवीन ऑइल ओतू नकोस, तेही फुकट जाईल. आता मला काही गोष्टी सांग. हीट एक्स्चेंजरच्या टाकीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं आतलं पाणी) उतरलंय का? धुराची नळी सरळ वर जाणारी आहे का, आणि तिच्यावर पावसात डबा उपडा घातलेला होता का? समुद्राच्या पाण्याचा पंप पट्ट्यावर आहे की गिअरवर? ऑइल कूलरमधून खारं पाणी फिरतं की कूलंट? आणि समुद्राचं पाणी आत घेणारा खालचा कॉक दोन महिने बंद होता की उघडा?

आणखी एक कर. बोट हलवू नकोस, रात्रभर तशीच राहू दे. सकाळी चेंबरचा (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) ड्रेन नट पूर्ण न काढता फक्त ढिला कर आणि खाली काचेची बाटली धर. आधी काय येतं ते बघ.

पाजचा_पोरगा | २२ जुलै, सकाळी ११.३०

काका, सांगितल्याप्रमाणे केलं. आधी पेलाभर गढूळ पाणी आलं, मग दुधाळ ऑइल. कूलंट काठोकाठ आहे, रंगही हिरवा, त्यावर तेलाचा तवंग नाही. धुराच्या नळीवर डबा होता, तो अजून तारेने बांधलेला आहे. पंप गिअरवर आहे. ऑइल कूलर समुद्राच्या पाण्यावर आहे, गिअरबॉक्सचा कूलरही त्याच लाइनवर. कॉक बंद होता, पण समुद्राच्या पाण्याच्या फिल्टरची टोपी काढली तर पाणी हळूहळू वर येतंच राहतं.

मेस्त्री_मिरकरवाडा | २२ जुलै, दुपारी १.१५

मग कॉक बसत नाहीये. आतली सीट खाल्ली गेली असणार. म्हणजे बंदीभर समुद्राची लाइन पाण्याने भरलेलीच होती.

कूलंट उतरलेलं नाही, म्हणून हेड गॅस्केट आणि लायनरच्या (सिलिंडरची आतली नळी) ओ रिंगा सध्या बाजूला ठेवू. लायनरची रिंग गेली असती तर कूलंट खालून चेंबरमध्ये आलं असतं आणि टाकी रिकामी होत गेली असती. पाऊसही नळीतून आलेला दिसत नाही. उरले दोन: पंपाचं सील आणि ऑइल कूलर.

पंपाच्या बॉडीला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. दोन सिलांच्या मध्ये गळलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून ते ठेवलेलं असतं. दरवर्षी रंग मारताना ते बुजतं, नाहीतर मिठाने बंद होतं. मग गळलेलं पाणी बाहेर यायच्या ऐवजी शाफ्टवरून टायमिंग केसमध्ये, तिथून चेंबरमध्ये. बारीक तार घालून ते भोक मोकळं कर आणि काय निघतं ते सांग.

पण माझा वहीम कूलरवर आहे. इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर ३ ते ५ बार असतं, खाऱ्या पाण्याचं फारतर १ बार. त्यामुळे नळीला भोक असलं तरी चालत्या इंजिनात ऑइल पाण्यात जातं. बाहेर पडणाऱ्या पाण्यावर बारीक इंद्रधनुषी तवंग दिसतो, पण बंदरात तो कोण बघतो? इंजिन बंद झालं की ऑइलचं प्रेशर शून्य, आणि बोटीच्या बाहेरचं पाणी कूलरच्या पातळीच्या वर. मग पाणी उलट ऑइलात उतरायला लागतं. चालत्या हंगामात बोट चार तास थांबते, तेवढ्यात थेंब-दोन थेंब जातात. दोन महिने उभी राहिली की पेला भरतो.

तेल_तपासनीस | २२ जुलै, दुपारी ३.४०

मी ठाण्याला वंगण तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. मेस्त्रीकाकांच्या म्हणण्याशी पूर्ण सहमत, फक्त एक सावधगिरीची गोष्ट. बरेच जण निथळलेलं पाणी जिभेला लावून खारं की गोडं ठरवतात. तसं करू नका. एक तर ते ऑइल पोटात जाऊ नये, आणि दुसरं म्हणजे आंजर्ल्याच्या खाडीला जोग नदी मिळते. आषाढ-श्रावणात ओहोटीला तिथलं पाणी जवळपास गोडंच असतं. चव नाही लागली म्हणून ‘पावसाचं पाणी असेल’ असं समजलात तर कूलर तसाच राहील.

वेळ असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण १०.८ ग्रॅम सोडियम आणि १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असतं, म्हणजे आठास एक. खाडीत ते पातळ झालं तरी प्रमाण बहुधा तसंच राहतं. कूलंट शिरलं असेल तर सोडियम, पोटॅशियम किंवा बोरॉन वाढतं, मॅग्नेशियम नाही. मात्र काही ऑइलांच्या ॲडिटिव्हमध्येच मॅग्नेशियम असतं, म्हणून त्याच डब्यातलं न वापरलेलं ऑइलही सोबत पाठवा. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

घरच्या घरी करायची चाचणी म्हणजे तापलेल्या लोखंडी पत्र्यावर ऑइलचा थेंब टाकणं. पत्रा १३० अंशांच्या आसपास तापलेला हवा. पाणी असेल तर तडतड आवाज येऊन बुडबुडे फुटतात. हे इंजिनघरात करू नका, डोळ्यांना चष्मा लावा. तुमच्या बाबतीत तर याची गरजही नाही, बाटलीत पाणी दिसलंच आहे. ऑइल अजून काळं आहे पण पातळी वाढलीय, अशा वेळी ही चाचणी कामाची. तडतडलं नाही आणि तरी पातळी वाढतेय, तर डिझेल मिसळतंय असं समजा.

रेवस_बंदर | २२ जुलै, संध्याकाळी ६.२०

आमच्याकडे असं झालं की इंजिन तासभर चांगलं तापवतात. पाणी वाफ होऊन ब्रीदरमधून निघून जातं आणि ऑइल परत काळं होतं. हे चालणार नाही का? चेंबरभर ऑइल आजच्या भावाने काही थोडंथोडकं नाही. लहान मच्छीमाराला तो खर्च जड जातो, म्हणून विचारतोय.

सेकंड_इंजिनियर | २२ जुलै, रात्री ८.००

खर्चाची अडचण खरीच आहे, म्हणून नीट सांगतो. मी मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये काम करतो. आमच्याकडे ऑइलातलं पाणी काढायला प्युरिफायर असतो. ऑइल ९० अंशांच्या आसपास तापवून तो मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरवतो आणि पाणी व गाळ बाहेर फेकतो. एवढी सोय असूनही पाणी ०.२ टक्क्यांवर गेलं की आम्ही कारण शोधायला धावतो. बोटीवर हे यंत्र नाही.

झाकणाखाली थोडासा पांढरट थर, पातळी जागेवर, इंजिन थोडा थोडा वेळच चाललेलं, अशा वेळी तो दमट हवेचा ओलावा असतो. तिथे लोड देऊन तापवलं की निघून जातो, तुमच्या लोकांचं म्हणणं तिथे बरोबर आहे. पण इथे पेलाभर पाणी खाडीतून आलंय. पाणी उडालं तरी त्यातलं मीठ उडत नाही. भर समुद्राच्या १ लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ असतं, ते सगळं बेअरिंगच्या पृष्ठभागावर, रिंगांच्या खाचांत आणि कूलरमध्ये राहतं. पुढच्या दमट हवेत ते परत ओल धरतं आणि खात सुटतं. ऑइलातली ॲडिटिव्हही पाण्याने धुतली गेलेली असतात. ऑइल काळं दिसलं म्हणजे ते पुन्हा कामाचं झालं असं नाही. क्रँक घासून नवीन बेअरिंग घालायची वेळ आली तर चेंबरभर ऑइलच्या कितीतरी पट पैसे जातात, वर बोट हंगामात उभी राहते.

पाजचा_पोरगा | २४ जुलै, दुपारी ४.४५

सापडलं. पंपाचं भोक मोकळं केलं, कोरडं निघालं. मग कूलर उतरवला. दापोलीत एका वर्कशॉपमध्ये ऑइलच्या बाजूची दोन्ही तोंडं प्लेट लावून बंद केली, एका प्लेटमधून कंप्रेसरची हवा दिली आणि कूलर पाण्याच्या पिंपात बुडवला. आधी काहीच नाही. कोमट पाणी ओतून थोडा वेळ ठेवल्यावर, जिथून खारं पाणी आत येतं त्या बाजूच्या दोन नळ्यांच्या तोंडातून बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली. टोपीतल्या झिंकच्या पेन्सिलीचा (नळ्यांऐवजी गंज स्वतःवर घेणारी कांडी) फक्त पितळी बूच उरलाय, झिंक पूर्ण संपलेलं. वर्कशॉपवाले म्हणतात त्या दोन नळ्यांना दोन्हीकडून पितळी गुटके ठोकून सोल्डर मारून देतो. चालेल का?

मेस्त्री_मिरकरवाडा | २४ जुलै, संध्याकाळी ७.००

दोनच नळ्या असतील तर गुटके मारून हंगाम सुरू करता येईल, थंड करण्याची ताकद तेवढ्याने फारशी कमी होत नाही. पण दोन नळ्या फुटल्या म्हणजे शेजारच्याही पातळ झाल्या असणार. तोंडाकडच्या बाजूला पाणी जोरात वळतं, पावसात त्यात रेती-गाळ असतो, आणि झिंक संपलं की गंज नळ्यांवर येतो. नवीन नळ्यांचा संच सांगून ठेव. गुटके मारल्यावर पुन्हा पिंपात घालून बघ, न बघता बसवू नकोस. झिंक नवीन घाल, आणि मधल्या काळात काढून बघत जा. निम्मं उरलं की बदलायचं.

कॉकही बदल. तो पाण्याखाली आहे, म्हणून बोट सुकतीला कोरड्यावर बसवून करावं लागेल. उधाणाच्या भरतीला वर घे आणि ओहोटीत काम उरक. कूलर दुरुस्त झाला आणि कॉक तसाच राहिला, तर पुढच्या वर्षी दुसरी नळी फुटल्यावर हेच होणार.

रेवस_बंदर | २४ जुलै, रात्री ९.१५

आता इंजिन आतून धुवायचं कसं? आमच्याकडे चेंबरमध्ये डिझेल भरून पाच मिनिटं चालवतात.

मेस्त्री_मिरकरवाडा | २५ जुलै, सकाळी ८.३०

जुने लोक करत आलेत. मीही पाहिलंय, काही इंजिनं त्यातून वाचतात. पण डिझेल बेअरिंगला धरून राहत नाही, म्हणून चालत्या इंजिनात निव्वळ डिझेल मी कुणाला सांगणार नाही. डिझेल वापरायचं ते इंजिन बंद असताना. चेंबर उतरवता येत असेल तर उतरव, तळाशी बसलेला पांढरा गाळ हाताने काढ, ऑइल ओढणाऱ्या नळीची जाळी (स्ट्रेनर) डिझेलने धू. पुसायला वेस्टचे गोळे नकोत, त्याचे धागे स्ट्रेनरमध्ये अडकतात. जुनं सुती धोतर किंवा चादर घे. चेंबर खाली असताना बिगेंडची (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) एक कॅप उघडून बेअरिंग बघ. नुसतं डागाळलेलं असेल तर ठीक, खड्डे किंवा तांब्याचा रंग दिसला तर पुढचं बोलू.

मग नवा फिल्टर आणि साधं, स्वस्त एसएई ४० ऑइल भर. इंजिन चालू होऊ नये म्हणून डिझेल पंपाचा स्टॉप ओढून धर आणि प्रेशरचा काटा हलेपर्यंत थोडं थोडं सेल्फ मार. नंतर चालू करून आरामात, लोड न देता दहा-पंधरा मिनिटं चालव, आणि गरम असतानाच सगळं काढ. त्यातलं थोडं काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेव. तळाला पाण्याची रेघ दिसली किंवा रंग ढगाळ राहिला तर पुन्हा तेच, फिल्टरसकट. बाटली स्वच्छ राहिली की मगच तुझं नेहमीचं १५-डब्ल्यू-४० भर. ते ऑइलही पूर्ण मुदत चालवायचं नाही. पंचवीसेक तासांनी बदल, आणि तो फिल्टर कापून कागद उलगडून बघ. चमकणारे कण असतील तर बेअरिंग बोलायला लागलंय.

सेकंड_इंजिनियर | २५ जुलै, सकाळी १०.००

यात एक भर. ऑइल कूलर, त्याचे पाइप आणि टर्बो असेल तर त्याची ऑइलची नळी, यांत जुनं दुधाळ ऑइल अडकून राहतं. चेंबर स्वच्छ केलं तरी पहिल्याच चालूत ते परत मिसळतं, आणि लोकांना वाटतं अजून गळतंय. पाइप सोडून हवा मारून रिकामे करा.

रेवस_बंदर | २५ जुलै, दुपारी १२.४०

याच विषयाला धरून विचारतो. माझ्या मेव्हण्याची लहान होडी परवाच्या पावसात जेट्टीला बांधलेली असताना भरली आणि बसली. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन पूर्ण पाण्याखाली होतं. होडी काल वर काढली. फिटर चार दिवसांनी येणार आहे. तोवर इंजिन उन्हात सुकवत ठेवू का?

मेस्त्री_मिरकरवाडा | २५ जुलै, दुपारी १.०५

सुकवू नका! हे वाचलं की लगेच मेव्हण्यांना फोन करा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्या पट्ट्यात कितीतरी बोटी बुडाल्या, तेव्हा हीच गोष्ट सगळीकडे पाहिली. इंजिन पाण्याखाली असताना त्याला हवा कमी मिळते, गंज सावकाश चढतो. वर काढलं की ओला पत्रा, मीठ आणि हवा तिन्ही एकत्र येतात आणि काही तासांत लायनरला लाल थर धरतो. मग रिंगा चिकटतात आणि इंजिन जाम होतं. फिटर लगेच मिळत नसेल तर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवलेलंही परवडलं, पण उघड्यावर नको. ऐकायला उलटं वाटतं, तरी तसंच आहे.

तुमच्या हातात आज करण्यासारखं सांगतो. सेल्फ मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी आहे, ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकेल. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढा, हवेचा फिल्टर काढा, ड्रेन नट उघडा. गोड्या पाण्याने बाहेरून आणि आतून भरपूर धुवा. मग नोझल काढलेल्या भोकांतून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल मिसळून ओता आणि फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवा, पाणी उडून बाहेर येईल, तोंड बाजूला ठेवा. ते थांबल्यावर चेंबर, टॅपेट सगळं साध्या ऑइलने भरा, अगदी काठापर्यंत भरलं तरी चालेल. त्या अवस्थेत इंजिन फिटर येईपर्यंत थांबू शकतं. स्टार्टर आणि अल्टरनेटर वेगळे काढून गोड्या पाण्यात बुडवून धुवा, ते मात्र सुकवायचे. डिझेलची टाकी, फिल्टर आणि पंपातलं डिझेलही पूर्ण काढा.

रेवस_बंदर | २५ जुलै, रात्री ८.५०

फोन केला, तुम्ही म्हणालात तसं केलं. सिलिंडरमधून मचूळ पाणी उडालं. फ्लायव्हील हाताने मोकळं फिरतंय. काका, मनापासून आभार.

देवबाग | २६ जुलै, सकाळी ९.२०

आमच्याकडे मालवण-तारकर्लीला पर्यटकांच्या बोटींना आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेली इंजिनं) असतात, तिथे हाच त्रास खालच्या गिअरकेसला होतो. गिअर ऑइल पांढरं निघालं की पहिला संशय पंख्यामागच्या सिलावर. पंखा काढून शाफ्टवर बघा, मासेमारीची नायलॉनची दोरी गुंडाळलेली सापडते. ती सिलाच्या ओठाखाली शिरून सील कापते. दुसरं कारण अगदी साधं: वरच्या-खालच्या स्क्रूचे वॉशर पुन्हा पुन्हा तेच वापरणं. प्रत्येक वेळी नवीन घाला.

भरताना ऑइल खालच्या भोकातून वर पंप करायचं, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय ऑइल आलं की आधी वरचा स्क्रू घट्ट करायचा, मग पंपाची नळी काढून खालचा. उलट केलं तर आत हवा राहते. आणि हंगाम संपताना ऑइल काढाच. पाणी असेल तर ते चार महिने गिअरांवर बसून राहण्यापेक्षा तेव्हाच कळलेलं बरं.

तेल_तपासनीस | २६ जुलै, सकाळी ११.००

सगळ्यांना एक विनंती. हे काढलेलं पांढरं ऑइल खाडीत ओतू नका, बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) सोडून पंपाने बाहेरही मारू नका. मोठ्या जहाजांना बाहेर सोडायच्या पाण्यात तेलाची मर्यादा दशलक्षात १५ भाग आहे, त्यावरून अंदाज करा. ज्या खाडीत आपण बोटी ठेवतो तिथेच कालवं आणि माशांची पिल्लं वाढतात. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात येतं आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यायचं असतं. मच्छीमार सोसायटीमार्फत चार-पाच बोटींचं एकत्र ड्रम भरून दिलं तर गोळा करणारे बंदरावर येतात.

पाजचा_पोरगा | २८ जुलै, रात्री ९.३०

चेंबर उतरवलं, बेअरिंगवर फक्त फिकट डाग आहेत, बोटाला खरखर लागत नाही. कूलर गुटके मारून पिंपात तपासला, बुडबुडे नाहीत. पहिल्या धुण्याचं ऑइल बाटलीत ढगाळ राहिलं, दुसऱ्याचं स्वच्छ. कॉकचं काम उधाणावर ठेवलंय. त्यामुळे बाबांनी ठरवलंय की १ तारखेची घाई नको, हवाही अजून वाऱ्याची आहे, नारळी पौर्णिमेनंतरच निघू. खलाशीही तयार आहेत. एक राहिलं. गिअरबॉक्सचं ऑइल गेजवर स्वच्छ दिसतंय, पण त्याचा कूलर त्याच लाइनवर आहे. तो उघडावा का?

मेस्त्री_मिरकरवाडा | २८ जुलै, रात्री १०.१०

उघड. त्याच वयाचा कूलर, तेच पाणी, झिंकही दोघांना मिळून तेच. गेज वरचंच ऑइल दाखवतं, पाणी तळाला असतं. उद्या गिअरबॉक्सचा ड्रेन ढिला करून बाटली धर, आणि काही नाही निघालं तरी कूलर पिंपात घालून हवा दे. कॉकसाठी बोट सुकतीला बसवशील तेव्हाच हेही उरकेल.